पहिला तुकडा घरधन्याचा

कढई घ्यायला मी मागच्या लाकडांच्या खोपटात गेलो, तेव्हा कढईच्या कानाला काहीतरी अडकलेलं होतं. आधी वाटलं, रालित्साचा जुना पायमोजा असेल. माझ्या बायकोचे पायमोजे घरात कुठेही सापडतात. ओढलं तर ते येतच राहिलं. कोरडं, पातळ, हाताला वजनच लागत नव्हतं. शेवटी डोक्याचा आकार आला, डोळ्यांच्या जागी दोन बारीक पारदर्शक टिकल्या आल्या, तेव्हा कळलं की ही कात आहे. अख्खी होती. मी दोन्ही हात पसरले तरी वीतभर खाली लोंबत राहिली. जून महिना, शनिवार सकाळ, आठ वाजून गेलेले. चेरीच्या झाडावर भोरड्यांची भांडणं चाललेली आणि आत पावणेपाच वर्षांची नेदा ओरडून विचारत होती की तेल कधी तापणार. मी कात हातात घेऊन खोपटाच्या दारात उभा राहिलो, आणि मला भीती वाटली नाही. कोणीतरी खूप दिवसांनी दारात येऊन उभं राहावं आणि आपण ‘या’ म्हणायचं विसरावं, तसं काहीतरी झालं.

या अंगणात आम्ही दोन वर्षांपूर्वी आलो. त्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला आठव्या मजल्यावर राहायचो, आणि मी पोटासाठी लिफ्ट तपासतो म्हणून म्हणतो असं नाही, पण त्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद असायची. गोर्ना बान्या या उपनगरातलं हे घर घेतलं ते मुलांना माती मिळावी म्हणून. मातीबरोबर बाकीचे भाडेकरूही मिळाले. पहिल्याच शरदात साळिंदरासारखा दिसणारा छोटा काटेरी जाहक गटाराच्या नळीत अडकला. त्याला साबणाचं पाणी सोडून बाहेर काढण्यात माझा एक रविवार गेला. मग माळ्यावर मुंगसासारखं एक जनावर राहायला आलं आणि त्याने गाडीच्या वायरी खाल्ल्या. सुतारपक्ष्याने भिंतीच्या थर्मोकोलला तीन भोकं पाडली, मी ती बुजवली, त्याने चौथं पाडलं. नेदाने सगळ्यांना नावं ठेवली आहेत. जाहक म्हणजे स्पासकाका. माळ्यावरच्याचं नाव ‘बॉस’, कारण रालित्सा एकदा म्हणाली होती की हा माझ्या बॉससारखा रात्रभर येरझाऱ्या घालतो. या सगळ्यांशी मी निभावून नेलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही येत होती. सोमवारी कामावर सांगायला काहीतरी असायचं. सापाचं मात्र कधी कोणाला सांगितलं नसतं.

रालित्सा कालिनला कडेवर घेऊन मागच्या पायरीवर आली. कालिन अकरा महिन्यांचा, नुकता भराभर रांगायला लागलेला.

“साप?” ती म्हणाली.

“कात आहे.”

“कात काय आपली आपण चालत येते?”

“बिनविषारी असतो हा. उंदीर खातो.”

“मला नको शिकवूस. हा दिवसभर या फरशीवर असतो.” तिने कालिनला दुसऱ्या कडेवर घेतलं. “दुपारच्या आत काय ते बघ. नाहीतर कोणाला तरी बोलव.”

बोलता बोलता तिने वाफ्यात आडवी पडलेली कुदळ उचलून कुंपणाला टेकवून ठेवली. त्यात काही नव्हतं. तिला वस्तू आडव्या पडलेल्या चालत नाहीत, एवढंच. पण दांडा सोडताना तिचा हात क्षणभर थांबला, आणि आम्ही दोघांनी एकदमच त्या कुदळीकडे बघितलं. मग ती आत गेली. जाता जाता म्हणाली, “तुला जमत नसेल तर तसं सांग. मला राग नाही येणार.”

पीठ रात्रीच भिजवून ठेवलेलं होतं. मैदा, दही, खमीर, एक अंडं, मीठ. मेकित्सा करणं म्हटलं तर काहीच नाही: फुगलेलं पीठ, तेलाचे हात, गोळा ओढून पसरायचा, मध्ये बोटाने भोक पाडायचं, तेलात सोडायचं. पण माझं पीठ दर शनिवारी हाताला चिकटतं. मी वाकून ते हातावरून सोडवत होतो आणि मला वडिलांचे हात दिसत होते. त्यांना पीठ कधी चिकटलं नाही. ते त्रोयानकडच्या आमच्या गावात सहकारी बेकरीत कामाला होते, रात्रपाळीला, आठवड्याचे सहा दिवस. आम्ही उठायचो तेव्हा ते झोपायला जायचे आणि आम्ही झोपायला जायचो तेव्हा ते निघायचे. त्यामुळे लहानपणीचे माझे वडील म्हणजे फक्त रविवार सकाळ. सहा दिवस भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस सातव्या दिवशी पुन्हा पिठात हात घालतो याचं आईला नवल वाटायचं. ती म्हणायची, “जरा बस की, वेल्को. हात दुखत नाहीत तुझे?” ते म्हणायचे, “ते पीठ सरकारचं होतं. हे माझं आहे.” आणि हसायचे, आणि पहिली मेकित्सा तेलात सोडायचे. पहिली नेहमी वेडीवाकडी यायची, तेल नीट तापलेलं नसायचं म्हणून. ती ते आम्हाला द्यायचे नाहीत. तिचा तुकडा मोडून, फुंकर घालून, मागच्या दारातून पायरीच्या दगडावर ठेवून यायचे. पहिला तुकडा घरधन्याचा.

घरधनी म्हणजे साप. हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. घरात वीज आहे हे जसं माहीत असतं तसं माहीत होतं. तो घराच्या पायाच्या दगडांत राहायचा, पिवळसर पोटाचा, लांब, सुस्त. वर्षातून दोन-तीनदा दिसायचा, भिंतीवर ऊन खाताना. आई त्याला बघून ॲप्रनला हात पुसायची आणि वाट बदलायची. साप कधी मेकित्सा खात नाहीत, तुकडा कोंबड्या खायच्या. हे वडिलांनाही माहीत होतं. मी दहा वर्षांचा असताना शहाणपणा करून त्यांना म्हटलं होतं, “बाबा, तो तर कोंबडी खाते.” ते म्हणाले, “मग कोंबडीला काय आपण पाहुणी समजतो?” 

त्या उन्हाचा वास मला अजून येतो. द्राक्षाच्या मांडवाखाली गाळून आलेलं ऊन, गरम तेल, पिठीसाखर, आणि आईने भिंतीशी लावलेल्या बॉक्स नावाच्या हिरव्या झुडपाचा कडवट वास. तो वास दुसऱ्या कुठल्या घरात येत नाही, मी शोधून बघितला आहे. माणसाच्या आयुष्यात चांगले म्हणावे असे किती दिवस असतात कोण जाणे. माझे बहुतेक सगळे रविवारच होते, आणि ते मी स्वतःच्या हाताने संपवले.

नेदा तेव्हा आठ महिन्यांची. आई जाऊन एक वर्ष झालं होतं, वडील एकटे होते, आणि आम्ही मे महिन्यात तिला पहिल्यांदा गावी घेऊन गेलो होतो. रविवार होता. मांडवाखाली घोंगडीवर तिला बसवलं होतं. रालित्सा आत दूध गरम करत होती, वडील कढईपुढे. मी विहिरीपाशी होतो. वळून बघितलं तर घरधनी भिंतीवरून उतरला होता आणि घोंगडीच्या कडेपासून हातभर अंतरावर होता, अगदी स्वस्थ, आणि नेदा त्याच्याकडे बघून हात हलवत होती. कुदळ माझ्या हातात कशी आली ते मला आठवत नाही. तीन घाव घातले ते आठवतात. पहिल्याच घावात काम झालं होतं.

वडील बाहेर आले तेव्हा त्यांच्या हाताला पीठ होतं. त्यांनी नेदाला बघितलं, मग मला, मग जमिनीकडे. मी काहीबाही बोलत होतो, की ती माझी मुलगी आहे, की तुमच्या जुन्या समजुती एकीकडे आणि माझी मुलगी एकीकडे. ते ऐकत होते. मग म्हणाले, “त्याने तुलाही असंच घोंगडीवर बघितलं होतं.” आत जाऊन त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला, एक पोतं आणलं, त्याला त्यात गुंडाळून बागेच्या टोकाला पुरलं. आम्ही न खाताच निघालो. गाडीत बसताना मी वाट बघत होतो की ते काहीतरी म्हणतील, आणि ते वाट बघत असतील की मी काहीतरी म्हणेन. मग मी गाडी सुरू केली. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे की घरधन्याला मारलं की घरचा कर्ता फार दिवस राहत नाही. मी अशा गोष्टी मानत नाही. पण गेली चार वर्षं रात्री फोन वाजला की मी आधी घड्याळ बघतो आणि मग फोन, आणि वडिलांचा नसला की जीव खाली पडतो. नव्या वर्षाला मी फोन करायचो. “बरे आहात?” “आहे.” “काही हवं?” “काही नको.” या वर्षी त्यांनी उचलला नाही, आणि मी दुसऱ्यांदा लावला नाही. मार्चमध्ये गावच्या पोस्टमनकडून कळलं की आहेत, छतावर चढून कौलं बसवत होते. त्यानंतर जून आला.

तेल तापलं. पहिली मेकित्सा मी सोडली आणि ती वेडीवाकडी झाली. कडेला नेदा तिच्या लाकडी स्टुलावर उभी होती.

“ही मला,” ती म्हणाली.

“ही नाही. पुढची.”

“का? ही का नाही?”

 ती मेकित्सा झाऱ्यात धरून मी मागच्या दारापर्यंत गेलो, पायरीपर्यंत. पायरी सिमेंटची आहे, आधीच्या मालकाने घातलेली. मी तिथे उभा राहिलो, आणि मला स्वतःचीच लाज वाटली: लिफ्ट तपासणारा माणूस, हातात झारा, सापासाठी नाश्ता घेऊन. मी परत आलो आणि ती एका थाळीत ठेवली, वर दुसऱ्या ठेवत गेलो. पीठ जास्त झालं होतं. नेहमीच होतं, वडिलांचं माप चौघांचं होतं, पण ते बेकरीवाल्याच्या चौघांचं.

“पेनामावशीला दे थोड्या,” रालित्सा म्हणाली. ती कालिनला चमच्याने दही भरवत होती. “त्या बुधवारी आपल्याला कांद्याची पात देऊन गेल्या. आणि चेरी पण घाल बरोबर, नाहीतर सगळ्या पक्षीच खातील.”

म्हणून मी त्याच थाळीत तळच्या सहा मेकित्सा राहू दिल्या, बाजूला ओंजळभर चेरी घातली, वर कागदी रुमाल टाकला आणि कुंपणाशी गेलो. पेनामावशी पलीकडच्या बाकावर बसल्या होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. त्यांच्या फाटकावर त्याचा फोटो असलेला मृत्यूचा कागद दरवर्षी नवा लागतो. आज त्यांनी काळा रुमाल बांधला होता. हे मी बघितलं, पण मनात नोंदलं नाही. मी ताट कुंपणावरून पुढे केलं. त्यांनी वरचा कागद उचलला, आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. उठून उभ्या राहिल्या. छातीवर क्रूसाची खूण केली.

“देव क्षमा करो,” त्या म्हणाल्या. “कोणाच्या नावाने, बाळा?”

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आज पेन्टेकॉस्टच्या सणाआधीचा शनिवार. पितरांचा शनिवार, चेरीवाला. सगळा देश आज स्मशानात आहे किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना मेलेल्यांच्या नावाने गोडधोड आणि चेरी वाटतो आहे. आई गेल्यापासून हे दिवस वडील पाळायचे आणि मी कॅलेंडरवरसुद्धा बघत नव्हतो. मी म्हणायला हवं होतं की मावशी, कोणाच्याच नावाने नाही, मुलांचा नाश्ता आहे, जास्त झाला. किंवा आईचं नाव घ्यायला हवं होतं. आई खरंच गेलेली आहे, तिचा हक्क होता. पण माझ्या हाताला अजून पीठ होतं, आणि त्या पिठाचा वास येत होता, आणि तोंडातून निघालं ते “वेल्को”.

“देव वेल्कोला क्षमा करो,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यात खालची, वेडीवाकडी मेकित्सा ओढून काढून त्यांनी तिथेच तिचा घास घेतला. उभ्यानेच खातात, नाव घेतल्याबरोबर. “वडील ना तुझे? नेदा म्हणत होती मला, आजोबा कधी बघितलेच नाहीत म्हणून. मी आपली विचारायची नाही, म्हटलं असेल काही. चांगला माणूस होता?”

“हो,” मी म्हणालो.

“मग ठीक. मागे राहिलेल्याने चांगलं म्हटलं की पुष्कळ झालं.” त्यांनी आपल्या बाकावरची वाटी उचलून माझ्या हातात दिली, उकडलेले गहू, साखर, वर अक्रोड. “हे आमच्या मेतोदीच्या नावाने.”

“देव मेतोदीला क्षमा करो,” मी म्हणालो आणि चमचाभर गहू तोंडात घातले.  एका बाईने माझ्या समोर माझ्या जिवंत वडिलांचा घास खाल्ला होता, पूर्ण मनापासून, आणि त्यांच्यासाठी क्षमा मागितली होती, आणि मी बघत उभा होतो. ते आता परत घेता येणार नव्हतं. तोंडातला घास परत दे असं कोणाला म्हणता येतं?

घरात आलो तो सरळ फोन शोधला. रालित्साने विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही.” वडिलांना लावला. वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला. मी मागच्या पायरीवर बसलो होतो, कुदळ समोर, कात खोपटाच्या दारात वाऱ्याने हलत होती. तिसऱ्यांदा लावला. फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई बोलली, की ज्यांना आपण फोन केला आहे ते उत्तर देत नाहीत. मला खरंच वाटलं की झालं. कुदळीने नाही झालं ते आज ताटाने झालं. लाजबीज बाजूला ठेवून सांगतो, मी मनातल्या मनात कोणाचे तरी पाय धरत होतो, आणि ते देवाचे होते की त्या पिवळ्या पोटाच्या जनावराचे, हे मला सांगता येणार नाही. आत नेदा विचारत होती की पिठीसाखर कुठे आहे, आणि रालित्सा तिला सांगत होती, “बाबाला आता काही विचारू नकोस.”

वीस मिनिटांनी फोन वाजला. माझ्या हातातच होता, तरी मी दचकलो. वडिलांचं नाव होतं. चार वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला पहिला फोन.

“कोण गेलं?” ते म्हणाले.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“इस्क्रेन. तीन वेळा लावलास. कोण गेलं ते सांग. मुलं?”

“कोणी नाही, बाबा. सगळे आहेत. तुम्ही कुठे होतात?”

“तुझ्या आईकडे. पितरांचा शनिवार आहे, स्मशानात काय फोन घेऊन जातात?” ते धापा टाकत होते, चढ चढून आले असावेत. “मग कशाला लावत होतास?”

मी सांगितलं. उलटसुलट सांगितलं: आधी चेरी, मग पीठ, मग पेनामावशी. म्हणालो, “मी तुमचं नाव घेतलं. तोंडातून निघून गेलं. तिने खाल्लं.” पलीकडे त्यांच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“काय म्हणाली?”

“देव वेल्कोला क्षमा करो म्हणाली.”

“हं,” ते म्हणाले. “मिळाली तर घेईन. कोणती खाल्ली तिने?”

“म्हणजे?”

“मेकित्सा. कितवी?”

“पहिली. वाकडी झालेली.”

पुन्हा कोंबड्या. मला वाटलं ते आता फोन ठेवतील. मग मी ते बोललो, ज्याच्यासाठी चार वर्षं शब्द जुळवत होतो आणि जे शेवटी अगदी साधं निघालं. म्हणालो, “बाबा, चुकलं माझं. तेव्हा. उचलून बाजूला करता आलं असतं तिला. मला ते सुचलंच नाही.” आणि त्यांनी काही म्हणायच्या आत घाईघाईने सांगितलं की आज सकाळी खोपटात कात सापडली आहे.

“अख्खी?”

“अख्खी. माझ्या हातांपेक्षा लांब.”

“डोळे आहेत?”

“आहेत. दोन्ही.”

“मग तब्येतीने बरा आहे,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता, रविवार सकाळचा झाला होता. “रालित्सा काय म्हणते?”

“दुपारच्या आत बघ म्हणते.”

“बरोबर आहे तिचं. तिचं पोर रांगतं. कुदळ कुठे आहे?”

“कुंपणाला. टेकवून ठेवली आहे.”

“आत ठेव,” ते म्हणाले. “सव्वाअकराची बस मिळते मला. मी येऊन बघतो त्याचं काय करायचं ते. तोवर हात लावू नकोस कशाला.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, कोणाशी बोलतोय हे विसरल्यासारखं म्हणाले, “पीठ राहिलं असेल ना? झाकून ठेव. तुझं पीठ चिकटत असणार.”

मी उठलो. कुदळ उचलली, खोपटात नेऊन लाकडांच्या मागे ठेवली, दार लावलं. स्वयंपाकघरात नेदा स्टुलावर उभी राहून पिठीसाखरेत बोट घालत होती. तिने विचारलं कोणाचा फोन होता. मी म्हणालो, आजोबांचा. ती म्हणाली, “पण ते तर मेले ना? पेनामावशी मला आत्ता खिडकीतून म्हणाली.” रालित्साने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि म्हणालो की नाही, ते सव्वाअकराच्या बसने येतायत.